बॅटरीचे टर्मिनल तुटले : फेकावी की जोडावी?

आमचा धंदा कापडाचा. बॅटरी, शिसे आणि तेजाब यांच्याशी आमचा संबंध दुकानातल्या इन्व्हर्टरपुरता. तरी या पानावर आज बॅटरीविषयी लिहीत आहोत, त्याला एक कारण घडले. ते कारण आपल्या पुष्कळ व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हा लेख.

लोणावळ्यातील हॉटेले व रिसॉर्ट यांना आम्ही चादरी, अभ्रे आणि टॉवेल पुरवतो. मोठ्या रिसॉर्टमध्ये फाटकापासून खोल्यांपर्यंत चढउताराचे रस्ते असतात. तेथे पाहुणे, सामान आणि धुलाईचे गठ्ठे बॅटरीवर चालणाऱ्या बग्गीतून नेतात. ही गाडी मूळची गोल्फच्या मैदानासाठी बनलेली. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमचे गठ्ठे घेऊन निघालेली अशी बग्गी चढावर एकाएकी बंद पडली. सीट उचलून पाहिले तर सहा बॅटऱ्यांपैकी एकीचे टर्मिनल, म्हणजे वर आलेली शिशाची खुंटी, मोडून केबलला लटकत होती.

तेथल्या व्यवस्थापकांनी उभ्या उभ्या निर्णय दिला. सहाच्या सहा बॅटऱ्या बदलायच्या, आणि गाडी आदळली म्हणून नुकसानीचा हिस्सा चालकाच्या पगारातून कापायचा. चालक मावळातल्या खेड्यातला तरुण. "शेठ, मी आदळली नाही हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही व्यवस्थापकांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. बॅटरी उतरवून टेम्पोत घातली आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बॅटरीचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेली. बाजारात सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी जे दाखवले व समजावले, ते येथे क्रमाने देत आहोत.

एक खुंटी तुटली की सारी गाडी का थांबते?

शिसे-तेजाबाच्या बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी 1859 साली लावला. आजही तिची मूळ रचना तीच आहे. प्रत्येक घर, म्हणजे सेल, सुमारे 2 व्होल्टचे असते. तीन घरांची बॅटरी 6 व्होल्टची, चार घरांची 8 व्होल्टची आणि सहा घरांची 12 व्होल्टची. आमच्या बग्गीत 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या होत्या, म्हणून एकूण 48 व्होल्ट. अशा जोडणीत सारा प्रवाह प्रत्येक बॅटरीतून जातो. साखळीची एक कडी तुटली की साखळी संपली.

काही जण अशा वेळी तुटलेली बॅटरी वगळून तार सरळ पुढच्या बॅटरीला जोडतात. गाडी चालतेही. पण संध्याकाळी चार्जर लावला की तो 48 व्होल्टचा हिशेब धरून वीज देतो आणि ती पाच बॅटऱ्यांवर पडते. त्या प्रमाणाबाहेर तापतात, पाणी उडते आणि चांगला माल खराब होतो. असा मार्ग गाडी शेडपर्यंत आणण्यापुरताच ठीक आहे.

खुंटी का तुटते?

शिसे मऊ असते म्हणून खुंटीत थोडा अँटिमनी मिसळतात. सुरम्याच्या दगडात सापडणारा हा धातू शिशाला कडकपणा देतो. तरीही खुंटी लोखंडाची होत नाही. ती तुटण्याची नेहमीची कारणे अशी :

1. नट गरजेपेक्षा जास्त आवळणे. लांब पाना घेऊन जोर लावला की शिसे दबते आणि आतून चीर पडते.

2. नट सैल राहणे. हे उलटे कारण, आणि नुकसान जास्त करणारे. सैल जोडात विजेला अडथळा होतो. बग्गी चढावर 100 अँपिअर घेत असेल आणि जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असेल, तर तेथे 1 व्होल्ट वाया जातो आणि 100 वॅटची उष्णता एका खुंटीत तयार होते. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रणाचे शिसे त्याहून कमी तापमानाला. रोज थोडे थोडे मऊ पडत खुंटी एक दिवस जागा सोडते.

3. केबल तोकडी असणे. गाडी हलली की ताणलेली केबल खुंटीला ओढत राहते.

4. गंज. लोणावळ्याच्या पावसाळ्यात हवा दिवसच्या दिवस ओली असते. बॅटरीवर तेजाबाचा ओलावा बसतो, पांढरी-हिरवी भुकटी धरते आणि थिंबल अडकून बसते. मग हातोडीने ठोकून काढतात, त्यात खुंटी जाते.

5. बॅटरी खुंटीला धरून उचलणे. बग्गीची एक बॅटरी 28-30 किलोची असते. तिचे वजन खुंटीवर टाकणे म्हणजे शिशाकडून लोखंडाचे काम मागणे होय.

आता चालकाची गोष्ट. चाचांनी तुटलेला तुकडा उन्हात धरून दाखवला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग मळकट राखी होता आणि त्यावर पांढरी भुकटी होती. केवळ एका कडेला शिसे नवे, चकचकीत दिसत होते. याचा अर्थ चीर जुनी होती. तेजाबाची हवा लागून ती काळवंडली होती आणि शेवटचा धागा तेवढा त्या दिवशी तुटला. शिवाय थिंबलजवळचे केबलचे रबर करपले होते. म्हणजे सैल नटामुळे जोड कित्येक महिने तापत होता. "पोराने गाडी आदळली असती, तर सगळं तोंड चमकलं असतं," चाचा म्हणाले. ज्यांच्याकडे नोकर गाड्या चालवतात, त्या मालकांनी ही खूण ध्यानात ठेवावी. नोकरावर नुकसान टाकण्याआधी तुटलेले तोंड एकदा उन्हात पाहावे.

जोडण्याजोगी आहे की नाही?

मोड कोठे झाली यावर सारे अवलंबून आहे. चाचा तीन प्रकार सांगतात.

पहिला प्रकार : शिसे शाबूत आहे आणि त्यातला बोल्ट तुटला किंवा त्याचे आटे गेले. बोल्ट भोकातून आरपार घातलेला असेल तर नवा घालावा, काम संपले. बोल्ट शिशात ओतलेला असेल तर त्या जागी शिशाची गोल खुंटी उभी करून वर क्लॅम्प बसवता येतो.

दुसरा प्रकार : खुंटी झाकणाच्या वर तुटली आहे आणि बुंधा शिल्लक आहे. किंवा बुंधा नाही, पण झाकणात बसवलेली शिशाची कडी शाबूत आहे. हे काम होते, आणि चांगले होते. आमची बॅटरी याच प्रकारातली होती.

तिसरा प्रकार : खुंटी हाताने गोल फिरते, खाली दबते किंवा तिच्या बुडातून तेजाब पाझरते. याचा अर्थ आतला जोड सुटला आहे. पूर्वी बॅटरीची पेटी कडक रबराची असे आणि वरचे तोंड डांबराने बंद केलेले असे. डांबर गरम करून काढले की आतल्या प्लेटा बाहेर काढून दुरुस्त करता येत. बोरघाट चढून आलेल्या ट्रकांच्या बॅटऱ्या चाचांनी तरुणपणी अशाच उघडल्या आहेत. आजच्या प्लास्टिकच्या पेटीचे झाकण उष्णतेने कायमचे चिकटवलेले असते. ते उघडून पुन्हा नीट बंद करणे रस्त्याकडेच्या दुकानात होण्यासारखे नाही. अशी बॅटरी परत द्यावी.

जेल किंवा पूर्ण बंद बॅटरीवर आच धरू नये. नव्या बग्ग्यांत लिथियमच्या बॅटऱ्याही येऊ लागल्या आहेत. त्यांचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यांना या कामातले काहीच लागू नाही. तेथे हात लावणे म्हणजे आग ओढवून घेणे.

खुंटी जोडण्याआधी बॅटरीत जीव आहे का हेही पाहावे, नाहीतर मजुरी फुकट जाते. हायड्रोमीटरने प्रत्येक घराचे तेजाब मोजावे. पूर्ण चार्ज झालेल्या घरात काटा 1.265 ते 1.280 दाखवतो. तुटलेली बॅटरी पूर्ण चार्ज नसेल तर आकडा कमी येईल, पण सगळी घरे एकमेकांच्या जवळपास असली पाहिजेत. एखादे घर बाकीच्यांपेक्षा 0.050 किंवा त्याहून मागे असेल, तर ते घर आजारी समजावे. आमच्या बॅटरीची चारही घरे सारखी निघाली.

आच धरण्याआधी : वायूचा धोका

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. बॅटरी चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन निघतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरे. स्फोट होतो, पेटीचे तुकडे उडतात आणि त्यांच्याबरोबर तेजाब उडते. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. चाचांच्या हनुवटीखाली आणि मानेवर एक जुना डाग आहे. शिकाऊ असताना चार्जिंगवरून नुकतीच काढलेली बॅटरी त्यांनी आचेवर घेतली होती. डोळे वाचले, हे नशीब.

म्हणून त्यांचा नियम असा. बॅटरी गाडीतून काढून मोकळ्या हवेत आणावी. चार्जिंग बंद केल्यावर निदान एक रात्र तशीच ठेवावी. घरांतले पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून योग्य पातळीवर आणावे, म्हणजे आत वायूला जागा कमी राहते. मग झाकणे काढून आतली हवा पंख्याने किंवा भात्याने बाहेर घालवावी. पंखा दूर ठेवावा, त्याच्या स्विचची ठिणगीही नको. त्यानंतर भोकांवर ओले फडके घालावे आणि मगच आच पेटवावी. आसपास दुसरी बॅटरी चार्जिंगला लावलेली नसावी. विडी-सिगारेटचा तर प्रश्नच नाही. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, जवळ पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा. तेजाब डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवून लगेच डॉक्टर गाठावा. डोळ्यात सोडा घालू नये, तो जमिनीवर व पेटीवर सांडलेल्या तेजाबासाठी आहे.

येथे कापडवाला म्हणून आमचेही एक सांगणे आहे. सुती कापडावर पातळ तेजाब पडले की ते त्या वेळी दिसत नाही. वाळले की धागा जळतो आणि धुताना भोक पडते. टेरिलीन तेजाबाला अधिक टिकते, पण आचेजवळ वितळून अंगाला चिकटते. म्हणून आचेच्या कामाला अंगात सुतीच कपडे असावेत आणि त्यावर रबरी किंवा चामड्याचा एप्रन घालावा.

काम कसे होते?

खुंटी चिकटवत नाहीत. शिशात शिसे वितळवून एकजीव करतात. या कामाचा सारा हुन्नर यात आहे.

प्रथम सोड्याच्या पाण्याने वरचा भाग धुवून पुसून कोरडा केला. सोड्याचे पाणी घरात जाणार नाही याची काळजी घेतली, कारण ते आतले तेजाब मारते. मग चाचांनी चाकूने व कानशीने बुंधा खरवडला. राखी थर जाऊन चांदीसारखे शिसे दिसेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मळकट शिशावर कितीही ओतले तरी ते वर बसते, आत मिळत नाही.

नंतर बुंध्याभोवती लोखंडी साचा बसवला. साचा दोन अर्ध्यांचा आणि आतून निमुळता असतो. मोटारीच्या बॅटरीच्या नेहमीच्या मापात प्लसची खुंटी वरच्या टोकाला सुमारे 17.5 मिलिमीटर आणि मायनसची सुमारे 15.9 मिलिमीटर जाड असते. प्लस जाड, मायनस बारीक, म्हणजे केबल उलटी लागू नये. जपानी मापाच्या खुंट्या याहून बारीक असतात, तेव्हा साचा केबलचा क्लॅम्प पाहून निवडावा. साच्याच्या बुडाशी ओले फडके गुंडाळले, म्हणजे झाकणाचे प्लास्टिक वितळत नाही.

मग बारीक, टोकदार आच बुंध्यावर धरली. बुंध्याचे तोंड आरशासारखे चमकून हलू लागले तेव्हाच चाचांनी शिशाची कांडी लावली. ही कांडी जुन्या बॅटरीच्या शिशाची, म्हणजे अँटिमनी असलेली. निव्वळ शिशाची खुंटी मऊ पडते. एक थर ओतला, आच काढली, क्षणभर थांबले, पुन्हा आच, पुन्हा थर. प्रत्येक वेळी खालचा थर वरून थोडा वितळला पाहिजे, पण बुडापर्यंत आच पोचता कामा नये. बुंधा जास्त तापला तर आतला जोड सुटतो आणि झाकणाची सील जाते. दहा मिनिटांत खुंटी उभी राहिली. थंड झाल्यावर साचा उघडला आणि कानशीने वरचे तोंड साफ केले. गॅसची आच नसेल तर दुसरी बॅटरी आणि कार्बनची कांडी घेऊनही हे काम करतात, पण त्यात ठिणग्या अधिक.

काय करू नये?

कथलाचा डाख देऊ नये. तो कमी तापमानाला वितळतो आणि तेजाबापुढे टिकत नाही. तापणाऱ्या जोडावर तो लगेच सुटतो. एम-सीलसारख्या लांबीने खुंटी उभी राहते, पण तिच्यातून वीज वाहत नाही. बुंध्याला भोक पाडून पितळेचा किंवा लोखंडाचा स्क्रू फिरवणे ही केवळ गाडी घरी आणण्याची सोय आहे. तेजाब त्या धातूला खाते, आणि भोक खोल गेले तर आतले तेजाब स्क्रूवाटे वर चढते.

झालेले काम कसे पारखावे?

गिऱ्हाइकाने तीन गोष्टी पाहाव्यात. एक, खुंटी हाताने जोर लावून हलवावी. ती तसूभरही हलू नये, बुडाशी ओल दिसू नये. दोन, पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावर 8 व्होल्टची बॅटरी सुमारे 8.5, 6 व्होल्टची सुमारे 6.4 आणि 12 व्होल्टची सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते. तीन, गाडी चढावर चालवून आणावी, ती बंद करावी आणि सगळ्या खुंट्यांजवळ हात नेऊन पाहावा. नवी खुंटी इतरांपेक्षा गरम लागली तर जोड कच्चा आहे किंवा नट सैल आहे. हीच परीक्षा दुकानातल्या इन्व्हर्टरलाही लागू आहे. हे सारे करताना हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी.

शेवटी खुंटीला व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे, पण नट आवळून झाल्यावर, वरून. आणि महिन्यातून एकदा नट तपासावेत. आमच्या बग्गीत एवढे झाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

हिशेब आणि इमान

नवी बॅटरी हजारांत येते, खुंटीची मजुरी शेकड्यांत. पण फायदा तेवढाच नाही. जुन्या सेटमध्ये एकच नवी बॅटरी घातली तर तिची जोडी जमत नाही आणि तीही लवकर थकते. म्हणून सेट मध्यम वयाचा असेल, तर जुन्यातलीच बॅटरी जोडून घेणे अधिक शहाणपणाचे. सेट म्हातारा झाला असेल, तर खुंटीवर पैसे घालू नयेत.

जे बंधू जुन्या बॅटऱ्यांचा व्यापार करतात, त्यांना एक विनंती. खुंटी भरलेली बॅटरी विकताना ती भरलेली आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे. वरून रंग मारून ऐब झाकलेला माल रात्री दुकानात अंधार करतो, कधी कोणाच्या तोंडावर फुटतो. सांगून विकलेल्या मालात दोन रुपये कमी मिळतील, पण गिऱ्हाईक परत येईल.

जी बॅटरी जोडता येत नाही ती विक्रेत्याला परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुना माल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळवणे आणि तेजाब गटारात ओतणे, हे दोन्ही बंद झाले पाहिजे. लोणावळ्याचे गटार इंद्रायणीला मिळते आणि तेच पाणी पुढे मावळातल्या भातखाचरांत जाते. शिशाचा धूर व भुकटी मुलांच्या मेंदूला बाधते. कारागिराने कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, हात धुतल्याशिवाय जेवू नये आणि लहान मुलांना आचेजवळ बसवू नये. चाचांच्या दुकानात नातवंडांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही.

सोमवारी बॅटरी परत बसवली. बग्गी आमचे राहिलेले गठ्ठे घेऊन तोच चढ चढली. तुटलेला तुकडा आम्ही व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला आणि राखी भाग व चमकता भाग दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. पगारातून कपात झाली नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नट तपासण्याचे काम वहीत लिहिले गेले. ते काम आता तोच चालक करतो.

चाचांकडे मात्र आज एकही शागीर्द नाही. रिसॉर्टच्या बग्ग्या, ई-रिक्षा, दुकानांचे इन्व्हर्टर, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, साऱ्यांना हे काम लागते. ज्या घरांत हातात कसब असलेली मुले रिकामी बसली आहेत, त्या पालकांनी याचा विचार करावा.